गालावरचा अंगठा

माझ्या चुलतभावाचा हात राहू गावात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेला, माझा कुरकुंभच्या कंपनीत मशीनखाली. दोघांचाही उजवाच. पुण्याच्या डॉक्टरांनी यांत्रिक हाताच्या नव्या प्रयोगासाठी दोघांनाही तपासलं आणि निवडलं त्याला. खरं सांगतो, तेव्हापासून मी त्याच्यावर जळतो.

चूक माझीच. डॉक्टरांनी विचारलं होतं, "नसलेल्या हातात काही जाणवतं का?" मी बारा वर्षं कंपनीच्या मेडिकलला उभा राहिलेला माणूस. तिथं काही होतंय म्हटलं की काम जातं. तोंडातून आपसूक निघालं, "न्हाई साहेब, एकदम फिट हाय." भावानं मात्र मुंग्या, कळा, आपोआप वळणारी मूठ, सगळं रडगाणं गायलं. त्यांना तसाच माणूस हवा होता.

हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा राहते, असं डॉक्टर म्हणाले. तिला लागूनच चेहऱ्याची जागा. हाताचं रान पडीक पडलं की शेजारी बांध कोरत आत येतो. बांधाची उपमा माझी, बाकीचं डॉक्टरांचं. पण मला लगेच पटलं. आमच्याकडं दुसरं काय चालतं?

भावाच्या दंडातल्या नसांना बारीक तारा जोडल्या. यांत्रिक बोटांनी काही धरलं की त्या तारांतून मेंदूला निरोप जातो. परवा त्यानं सगळ्यांसमोर डोळे मिटून बायकोचं मनगट धरलं. "बांगड्या लागत्यात," म्हणाला. ती हसता हसता रडली. माझी बायको कौतुकानं बघत होती. मी हातातला पेढा शेजारच्या पोराला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी बायको माझी दाढी करायला बसली. डाव्या हातानं मला जमते, तरी सात वर्षं तिच्याकडूनच करून घेतो. तिची बोटं गालावर टेकली की गेलेला अंगठा कुणीतरी धरल्यासारखा वाटतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी डोकं फिरलेलं होतं.

"त्याचं काय एवढं कौतुक?" म्हणालो, आणि तिचं बोट गालावर दाबलं. "हितं माझा अंगठा हाय. दर बारीला धरतीस तू."

तिनं वस्तरा खाली ठेवला.

"मग डाक्टरला का न्हाई सांगितलं?"

"सवय. कंपनीची."

ती बोटावरचा फेस बघत राहिली.

"आन् मला?" म्हणाली.