माशी बांधणारा हात

माझ्या मावशीने आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही. तिला माशाचा वास सहन होत नाही. काका नदीवरून आले की "आधी हात धुवा, मग काय शौर्य गाजवलंत ते सांगा" हे तिचं ठरलेलं वाक्य. तरीही आमच्याकडे मासेमारीच्या छंदाची जेवढी म्हणून मंडळी आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या टोपीला मावशीने बांधलेली माशी टोचलेली असते.

फ्लाय फिशिंग म्हणतात त्याला. गळाला गांडूळ लावायचं नाही, कणकेची गोळी लावायची नाही. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून त्या गळाचीच एक माशी करायची, लांब दोरीने ती पाण्यावर अलगद टाकायची आणि माशाला फसवायचं. मावशीचं मत असं, की एवढ्याशा डोक्याच्या प्राण्याला फसवायला एवढी मोठी माणसं सुट्टी काढून जातात, यातच काय ते आलं.

लग्नाआधी ती शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. काका बसचे ड्रायव्हर, आवाज हॉर्नसारखा, आणि रविवारी नदी. ते दुकानातून माश्या विकत आणायचे आणि दोनदा पाण्यात पडल्या की त्या उसवायच्या. एकदा मावशीने तसली एक उसवलेली माशी स्वयंपाकघरात दिव्याखाली धरली, पूर्ण सोडवली आणि पुन्हा बांधली. "असं बटण लावलं असतं तर मला हाकलून दिलं असतं कारखान्यातून," एवढंच म्हणाली. काकांनी ती मित्राला दाखवली, मित्राने दुकानदाराला दाखवली, दुकानदार तिच्याकडूनच माश्या बांधून घ्यायला लागला, आणि मावशीचं टेबल खिडकीशी गेलं ते कायमचं. टेबलाच्या कडेला एक छोटा शेगडा, म्हणजे गळ घट्ट धरून ठेवणारा चिमटा. शेजारी रिळं, पिसांचे डबे, मेण. काम करताना ती गळाशी भांडते. "थांब की मेल्या, कुठे पळतोस," असं चालू असतं.

मावशी कुणाला घाबरत नाही. झुरळाला नाही, घरमालकाला नाही, काकांच्या आवाजाला तर नाहीच नाही. तिला भीती एकाच गोष्टीची, आणि तीच मला.

माझ्या आजीला, म्हणजे मावशीच्या आईला, कंपवात होता. हात थरथरण्यापासून सुरू झालं आणि मग एकेक करून सगळं गेलं. चाल गेली, अक्षर गेलं, शेवटी चेहऱ्यावरचं हसूसुद्धा गेलं. मनात हसत असावी, पण चेहरा लाकडी. आईने आणि मावशीने पाळ्या लावून तिला चमच्याने भरवलं. आजी गेली त्या दिवशी मावशी रडली नाही. नंतर मोरीत भांडी घासता घासता मला म्हणाली, "मला असं काही झालं ना, तर मला भरवू नका." मी चिडले. माझ्या नाकावर राग असतोच, त्यातून असलं बोलणं मला खपत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही टीव्ही बघत बसलो होतो. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला, आणि अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरत होता, जणू काही मेणाची गोळी वळतोय.

"मावशी, हात."

"मुंग्या आल्या," ती म्हणाली आणि हात मांडीखाली घालून त्यावर बसली.

"काम करताना हलतो का?"

"काम करताना मी दार लावते."

मी मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते, त्यामुळे मला अर्धवट कळतं आणि अर्धवट कळणं सगळ्यात वाईट. दवाखान्यात दोन प्रकारचे थरथरते हात रोज येतात. एक हात कामाला लागला की थरथरतो. कप उचलला, सही करायला पेन धरलं, की सुरू. हा बऱ्याचदा घराण्यातून येतो, वैताग आणतो, पण माणूस हिंडता फिरता राहतो. दुसरा हात उलटा. तो निवांत पडलेला असताना थरथरतो आणि काम दिलं की शहाण्यासारखा गप्प होतो. हा दुसरा आला की मला धडकी भरते. डॉक्टर एका खुणेवरून काही ठरवत नाहीत, मीही ठरवू नये. पण मी ठरवते. आजीला डॉक्टरांकडे मीच घेऊन जायचे, आणि तिचा दुसरा होता.

"एकदा दाखवून घे," असं मी मावशीला किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. ती म्हणायची, "दाखवलं की ते नाव सांगतील. नाव नको मला." काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर तिचा हात सदा कशात तरी गुंतलेला असायचा, नाहीतर खिशात.

आणि अशात संमेलनाचं बोलावणं आलं.

दर वर्षी नदीकाठच्या शाळेत फ्लाय फिशिंगवाल्यांचं संमेलन भरतं. वर्ग असतात, प्रात्यक्षिकं असतात. मावशीने माशी बांधून दाखवावी म्हणून दर वर्षी तिला विचारतात, आणि दर वर्षी ती "मी काय डोंबारीण आहे का?" म्हणून उडवून लावते. यंदा तिने सरळ हो म्हटलं. यंदा तर कॅमेरा होता. हातांवर वरून कॅमेरा रोखणार आणि बोटं पडद्यावर भिंतीएवढी दिसणार. मला वाटलं, हिची अक्कल गहाण पडली आहे. दुकानाचे मालक पहिल्या रांगेत बसणार, हात हलला तर सगळ्या गावासमोर हलणार.

पण खरं सांगायचं तर मला दुसरीच भीती होती. हात हलला तर फजिती होईल, काम जाईल, मावशी चार दिवस कुणाशी बोलणार नाही. आणि हात हलला तर तो पहिल्या प्रकारचा असेल. काम करताना हलणारा. मग कितीही थरथरू दे. मला तो हात हलायला हवा होता.

सकाळी आम्ही शाळेत पोचलो तर मैदानावर काकांचा वर्ग सुरू झालेला. ते नवशिक्यांना दोरी टाकायला शिकवतात. पाणी नाही, मासा नाही, नुसतं गवत, आणि गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा, कुणाचा डोळा जाऊ नये म्हणून. वीस-पंचवीस माणसं गवतावर उभी राहून हवेत दोऱ्या झोडपत होती. काका ओरडत होते, "मनगट मोडू नका! घाई कुठे आहे? मागे गेलेली दोरी सरळ होऊ द्या, मग पुढे!" मावशीला बघून त्यांनी टोपी उंचावली. "आज आमच्या हिचा कार्यक्रम आहे बरं का, कुणी चुकवायचा नाही!" मावशीने उजवा हात पिशवीच्या बंदात आणखी एक वेढा देऊन घट्ट केला.

एका वर्गात गाठी शिकवत होते. दुसऱ्या वर्गात एक बाई कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून, नदीत पाय घसरला तर काय करायचं ते फळ्यावर काढत होत्या. "घाबरून उभं राहायची धडपड करायची नाही," त्या सांगत होत्या, "पाय पुढे करायचे आणि पाणी नेईल तसं जायचं." मावशी दारात थांबून सगळं ऐकत राहिली. मी म्हटलं, "तुला काय करायचंय, तू नदीत थोडीच उतरणार आहेस?" ती सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

"अजून नाही म्हणता येईल," मी म्हटलं. "पोटात दुखतंय म्हणून सांगते मी."

"पोटात दुखतंयच. पण बसायचं आहे."

सभागृहात टेबल मांडलं होतं, त्यावर शेगडा, वरून वाकलेला कॅमेरा. मला तिने बाजूला खुर्ची घ्यायला लावली, रिळं हातात द्यायला. तिला रिळं द्यायला कुणी लागत नाही. दिवे मंद केले आणि पडद्यावर मावशीचे हात आले. एकेक बोट लाटण्याएवढं. कारखान्यातल्या सुईची जुनी खूण, नखाशी चिकटलेलं मेण, सगळं दिसत होतं.

तिने गळ चिमट्यात बसवला. बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा घेतला आणि पहिला वेढा दिला. मी पडद्याकडे बघत होते. वेढ्याशेजारी वेढा, त्याला चिकटून पुढचा. हात हलत नव्हता.

सुरुवात आहे, मी मनाला समजावलं. दोरा ताणलेला आहे, म्हणून नसेल हलत. पीस लावताना हलेल. पीस लावायला दोरा सैल सोडावा लागतो आणि दोन बोटांच्या चिमटीत पिसाचं टोक हवेत धरावं लागतं. तिथे भल्याभल्यांचे हात डगमगतात. मावशीने कोंबड्याच्या मानेचं पीस उचललं, चिमटीत धरलं आणि लोकांना सांगू लागली, "हे माशीचे पाय. पायांवर ती पाण्यात उभी राहते. पाय वाकडे बसले तर पडेल बिचारी." ती सांगत होती तेवढा वेळ पीस हवेत होतं. पडद्यावर त्याचा एकेक केस मोजता आला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, हल. मावशी, एकदा तरी हल. माझ्या हातातलं रीळ मात्र घामाने निसटायला लागलं होतं.

पिसाचे वेढे सरळ बसले. सभागृहात कुणीतरी "वा!" म्हणालं.

तेवढ्यात मागून एकाने प्रश्न विचारला, दोरा तुटू नये म्हणून किती ओढायचा. मावशीने दोरा लटकत ठेवला, डावा हात टेबलावर राहू दिला आणि उजवा मांडीवर टेकवला. "तुटायच्या आधी दोरा सांगतो," ती म्हणाली. "बोटांना कळतं. तोपर्यंत दोन-चार तोडायचे, लाज नाही वाटून घ्यायची." लोक हसले. ते पडद्याकडे बघत होते, पडद्यावर डावा हात होता. टेबलाखाली, फक्त मला दिसेल असा, उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरायला लागला. हळूहळू. आजीचा फिरायचा तसाच.

उत्तर संपलं. हात वर आला, कॅमेऱ्याखाली गेला आणि गप्प झाला. तिने शेवटची गाठ मारली, दोरा कापला, आणि माशी चिमट्यातून काढून तळहातावर घेतली. टाळ्या वाजल्या. दुकानाचे मालक उभे राहून वाजवत होते. मीही वाजवल्या, न वाजवून सांगणार काय?

सामान आवरायला आम्हाला शेजारचा रिकामा वर्ग दिला होता. मी दार लोटलं आणि तोंडाला येईल ते बोलायला लागले. छान झालं, काय शांत हात, मालक किती खूश होते, आता पुढच्या वर्षीही तुलाच बोलावणार. मावशी बाकावर बसून माझ्याकडे बघत होती.

"पुरे, ठमे," ती म्हणाली. मी लहानपणी गोल होते, तेव्हापासून तिची मी ठमीच. "काही छान झालेलं नाही."

मी रिळं डब्यात भरायला लागले.

"आईसुद्धा सुई अशीच ओवायची. एका झटक्यात. सुई खाली ठेवली की सुरू. तुझ्या डॉक्टरच्या आधी मी बघितलंय ते." तिचा आवाज बारीक झाला होता, मला तो ओळखू येईना. "घरी बांधताना नाही हलत गं माझा. एकदाही नाही. दार लावून बघत बसायचे, हल म्हणायचे त्याला. म्हटलं, एवढ्या लोकांसमोर बसले, वरून कॅमेरा, समोर मालक, तर घाबरून तरी हलेल. सगळे हसले असते तरी चाललं असतं मला."

मला रडू आलं ते मी आवरलं नाही. मी नुसतं म्हटलं, "मलापण हलायला हवा होता."

"माहीत आहे. तू रीळ कसं धरलं होतंस ते दिसत होतं मला." तिने माझी पाठ थोपटली, डाव्या हाताने; उजवा पिशवीत होता. "सोमवारी नंबर लाव. पहिला लाव. मला बाहेर बसवून ठेवू नकोस, त्या बाकांवर मला भीती वाटते."

दार धाडकन उघडलं आणि काका आत आले. गवतातून धावत आले असावेत, बुटांना चिखल, टोपी तिरकी. "बघितलंस का गं? मागे उभा होतो मी! दगड आहे दगड, हिचा हात! सगळे विचारतायत मला, अहो, या वयात इतका स्थिर हात! मी म्हटलं, मग! चाळीस वर्षं बघतोय!" त्यांना आनंदाने काय करू नि काय नको झालं होतं. आज त्यांनी हात धुतलेले नव्हते आणि मावशी त्यावर काही बोलली नाही.

"अहो, बसा जरा," ती म्हणाली.

"बसतो की. पण आधी बाहेर चल, लोक थांबलेत तुझ्यासाठी."

"थांबू देत. बसा."

काका समोरच्या बाकावर बसले. मावशीने उजवा हात पिशवीतून काढला, दोघांच्या मधल्या बाकावर ठेवला आणि तसाच पडू दिला, झाकला नाही.