चिखलीत न निघालेले पिक्चर

निघालेल्या पिक्चरची गोष्ट तीन तासांत संपते. न निघालेल्या पिक्चरच्या गोष्टी मात्र साठतच जातात. आमच्या मंडळाने एकही पिक्चर काढला नाही, म्हणून तर माझ्याजवळ एवढा साठा आहे! लग्नाच्या पंगतीत, एस्टीची वाट पाहताना, कुणाच्या तेराव्याला, कुणी ना कुणी विचारतंच, "काहो, तुमच्या त्या सिनेमाचं काय झालं?"

मी विचारतो, "कोणत्या?"

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही हकिगत. चिखलीत माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. भास्कर गुरुजी हायस्कुलात मराठी शिकवायचे. ते आमचे लेखक आणि डायरेक्टर. जानेफळचे अण्णासाहेब मोठे जमीनदार, म्हणून ते प्रोड्युसर. वसंता जिनिंगमध्ये कापूस तोलायचा. उंच, देखणा, दात पांढरेशुभ्र. तो हीरो. आणि लग्नामुंजीचे फोटो काढायचा म्हणून मी कॅमेरामन.

गुरुजी म्हणायचे, "आता आपलं राज्य झालं. आपल्या भाषेत, आपल्या मातीवर पिक्चर झाला पाहिजे. तो दर वेळी मुंबईनेच का काढायचा? चिखलीने का नाही?"

वसंता मांडीवर थाप मारायचा. "हाव ना! काऊन नाही?"

काऊन नाही, तेच सांगतो.

*

आधी कॅमेऱ्याचं ऐका. माझा कॅमेरा साधा, फोटोचा. पिक्चरला मूव्ही कॅमेरा लागतो. अण्णासाहेब खामगावला गेले आणि एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजवाल्याकडून तो घेऊन आले. गादीवर ठेवून, वर चादर पांघरून, नवी नवरी आणावी तसा! दारात नारळ फोडला. गुरुजींनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

मी झाकण उघडलं तर आत दिवा.

"अण्णासाहेब, हे यंत्र चित्र काढत नाही. दाखवते. हा प्रोजेक्टर आहे."

अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंग काय झालं? आधी दाखवू, मंग काढू!"

*

पहिला पिक्चर पौराणिक ठरला. लोणारच्या तळ्यातून राक्षस वर येतो आणि मुलूख हैराण करतो, अशी गुरुजींची कथा. राक्षस व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा वसंता म्हणाला, "मीच होतो. हीरो नंतर पाहू."

मुंबईच्या एका कंपनीला नमुन्याचे फोटो पाठवायचे होते. आम्ही लोणारला गेलो, तळ्यात उतरलो. अंगाला काजळी आणि तेल चोपडून वसंता पाण्यात शिरला. ते पाणी साधं नाही, खारं, डोळ्यांत गेलं तर आग आग करणारं. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, "पूर्ण बुडायचं, डोळे उघडे ठेवून वर यायचं आणि गर्जना करायची!"

वसंता बुडाला. वर आला. आणि अशी गर्जना केली की काठावरची माकडं पळाली. दोन्ही हात तोंडावर मारत तो पुन्हा पुन्हा ओरडत होता.

गुरुजी आनंदाने नाचायचे बाकी होते. "वा! वा! हेच पाहिजे! घ्या, घ्या फोटो!"

तो "पानी आना, पानी!" असं ओरडत होता, हे आम्हाला जरा उशिराच समजलं.

मेहकरच्या डॉक्टरांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. वसंता खाटेवर पडून होता. चाचपडत त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "भाऊ, तोंड कसं आलं माहं?"

*

मग सामाजिक पिक्चर. त्याला हिरॉइन पाहिजे. तमाशातली नको, असं अण्णासाहेबांचं म्हणणं, आणि घरंदाज बाई कुणी येईना. शेवटी दवाखान्यातल्या कुसुम नर्स हो म्हणाल्या. बिनआईबापाच्या, वयाने पंचविशीच्या. आवाज असा की गुरुजींचे लांबलचक संवादसुद्धा खरे वाटावेत. स्टुडिओत त्यांचा फोटो काढला. हनुवटी जराशी वर, नजर लांब कुठे तरी. एवढा चांगला फोटो मी पुन्हा काढला नाही.

त्या म्हणाल्या होत्या, "पिक्चर निघो का न निघो, हा एक महिना मले आयुष्यभर पुरंल."

महिनाही मिळाला नाही. बातमी जालन्याकडे त्यांच्या भावाच्या कानावर गेली. तो आला. आम्हाला वाटलं, आता मारामारी. पण माणूस शांत. स्टुलावर बसला, चहा घेतला, फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला.

"चांगला काढला," तो म्हणाला. "स्थळाले दाखवाच्या कामी येईन."

फोटो खिशात घालून, बहिणीला घेऊन तो गेला. त्याच उन्हाळ्यात एका बिजवराशी लग्न लावून दिलं. त्याचा थोरला मुलगा नव्या आईहून दोन-तीन वर्षांनीच लहान होता.

गुरुजी पुढचे काही दिवस मागच्या खोलीत आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "आता नायिका नसलेली कथा लिहितो."

*

नायिका नसलेली कथा म्हणजे ऐतिहासिक. पेंढारी गावावर घाला घालतात, गाव जाळतात, एक तरणा शेतकरी सूड घेतो. गाव जाळायचं म्हणजे आधी गाव पाहिजे! अण्णासाहेबांनी जानेफळच्या शिवारात पडीक जमिनीवर कुडाच्या झोपड्या उभ्या करून दिल्या. तुरीच्या तुराट्या, कापसाची पळाटी, गवत. गुरुजी त्या झोपड्यांमधून हात मागे बांधून फिरायचे, एखाद्या राजासारखे.

कॅमेरा भाड्याने येणार होता. तो आज येतो, उद्या येतो, असं चाललं. तेवढ्यात कामाच्या शोधात फिरणारी काही मजूर कुटुंबं त्या बाजूला आली. त्यांना आयती घरं दिसली. राहिली!

गुरुजी संतापले. "अण्णासाहेब, त्यांना सांगा, ही घरं जाळण्यासाठी बांधली आहेत!"

अण्णासाहेब काठी घेऊन गेले. परत आले तेव्हा काठी काखेत होती.

"काय झालं?"

"गुरुजी," अण्णासाहेब म्हणाले, "तुमचा सेट बाळंत झाला! पोरगी झाली."

पोटं दुखेपर्यंत हसलो आम्ही. गुरुजीसुद्धा हसले. बाळंतिणीला अण्णासाहेबांच्या घरून डिंकाचे लाडू गेले. जाळायचं काम पुढे ढकललं.

वैशाखात एका दुपारी, कुणाच्या चुलीतली ठिणगी म्हणा, वारा म्हणा, ते गाव आपोआप पेटलं. आम्ही पोचलो तेव्हा बायका उघड्या माळावर छाती पिटत होत्या. बाळ-बाळंतीण वाचली. एक आंधळी म्हातारी आत राहिली.

गुरुजींनी कथेत लिहिलं होतं अगदी तसंच सगळं होतं. धूर, पळापळ, माणसांचा आकांत. वसंता दोनदा आत शिरायला धावला, त्याला आम्ही ओढून धरलं.

गुरुजी माळावर खाली बसले. अण्णासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते एवढंच बोलले, "मी म्हातारी लिहिली नव्हती हो."

*

तरी एकदा खरोखरीच जमून आल्यासारखं झालं होतं. मुंबईचे एक डायरेक्टर लग्नानिमित्त चिखलीला आले. पांढरे बूट, काळा चष्मा. त्यांनी कथा ऐकायचं कबूल केलं.

गुरुजींनी नवी कथा वाचली. खेड्यातला एक मास्तर. त्याच्या लहानग्या मुलीला घटसर्प होतो. नदीला पूर. पलीकडे डॉक्टर. मास्तर मुलीला खांद्यावर घेऊन पाणी उतरायची वाट पाहतो. पाणी उतरत नाही.

गुरुजींचा आवाज वाचताना एकदाही हलला नाही. आम्ही मात्र मान खाली घालून बसलो होतो. वसंता उठून बाहेर गेला.

डायरेक्टरने चष्मा काढला. डोळे पुसले. "फार छान आहे, गुरुजी. मी हे करीन. फक्त एक बदल. शेवटी मुलीला वाचवा. थिएटरमधून लोक रडत बाहेर पडले, तर दुसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहतात. पाणी थोडं आधी उतरवायचं. तुमच्या हातात आहे!"

गुरुजींनी कागद नीट जुळवले, दोरीने बांधले.

"माझ्या हातात असतं," ते म्हणाले, "तर वाचवली नसती का?"

डायरेक्टरला काही समजलं नाही.

*

आता एक उरली. ही मी सहसा सांगत नाही.

चीनची लढाई होऊन गेली होती. धामणगाव बढ्याचा रामदास नावाचा पोरगा फौजेत होता. तो बेपत्ता असल्याची तार गावात आली. गुरुजींनी ठरवलं, पुढचा पिक्चर याच्यावर. आम्ही त्याच्या आईला भेटायला गेलो. गिरजामाय घरात एकटी. नवरा कधीच वारलेला, दुसरं लेकरू नाही. गुरुजींनी तिला समजावून सांगितलं, तुमच्या मुलाचं नाव अमर होईल, घरोघरी पोचेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पिक्चरात तो घरी येते का?"

गुरुजींच्या कथेत तो बर्फात मरत होता. गुरुजी म्हणाले, "येतो, माय. शेवटी येतो."

तिने लगेच पेटी उघडली. रामदास सुट्टीवर आला तेव्हा एक खाकी शर्ट आणि टोपी ठेवून गेला होता. तिने स्वतःच्या हाताने वसंताला शर्ट चढवला, बटणं लावली. त्याला अंगणातल्या कडुलिंबाखाली उभं केलं. उन्हं मागून येत होती. टोपी जरा खाली, तोंड अर्धं वळलेलं, रस्त्याकडे पाहणारं. मी फोटो काढला.

पिक्चर काही निघाला नाही. गिरजामायने तो फोटो मात्र मागून घेतला. रामदासचा एकही फोटो घरात नव्हता. पुढे एकदा वसंता आणि मी त्या बाजूला गेलो, तर फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावलेला. शेजारणीकडची एक पाहुणी आली, तिला गिरजामाय म्हणाली, "हा माहा रामदास. फौजेतला."

वसंता तिथेच उभा होता. तिने त्याला चहा दिला, त्याच्याकडे पाहून हसली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सांगाचं का तिले?"

"काय सांगतं बे?" वसंता म्हणाला. "मले तरी कुठी ओयखू येते त्याच्यात मी!"

त्यानंतर काही वर्षांनी वसंताला कावीळ झाली. गावठी औषध झालं, मोठा डॉक्टर झाला, आणि तो गेला. ऐन उमेदीत. दिवस झाल्यावर त्याची बायको, सुशीलावहिनी, स्टुडिओत आली. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. आमच्या हीरोचे किती फोटो काढले होते मी! पण चांगले होते ते सगळे मुंबईला पाठवलेले, परत न आलेले. निगेटिव्ह एका पावसाळ्यात छत गळून खराब झालेल्या. उरला होता तो धामणगावचा.

फोटो चार दिवसांसाठी मागायचा, त्यावरून दुसरा तयार करायचा आणि परत द्यायचा, असं ठरवून आम्ही दोघं निघालो.

गिरजामाय पार थकली होती, पण मला ओळखलं. आम्हाला बसवलं. सुशीलावहिनीची नजर भिंतीवर गेली आणि ती बसता बसता उभी राहिली. जवळ गेली. काचेवर बोट टेकलं.

"माहा रामदास," गिरजामाय म्हणाली. "हार नाही घातला, पाह्य. लोक म्हनतात घाल. मी काऊन घालू? तो रस्त्यानं येऊन राह्यला." मग तिचं लक्ष वहिनीच्या कपाळाकडे गेलं. "काय व पोरी, तुह्या मालकाले काय झालं?"

मी घसा साफ केला. आता सगळं सांगायचं आणि फोटो मागायचा. पण मी बोलायच्या आत वहिनी बोलली. नजर फोटोवरच होती.

"फौजेत गेले," ती म्हणाली. "पत्ता नाही."

"पत्ता नाही?" गिरजामाय भिंतीला धरून उठली. "अवं, पत्ता नाही म्हनजे मेला नाही! कोनं कोरं केलं तुहं कपाय? लाज नाही वाटली त्याइले?"

ती देवाजवळ गेली. चाचपडत कुंकवाचा करंडा आणला. वहिनीची हनुवटी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. वहिनीने मान हलवली नाही. डोळे मिटून घेतले.

परतीची एस्टी मोताळ्याला थांबली. मग मी म्हणालो, "वहिनी, फोटो मागायचा राहिला."

"राहू द्या तिथंच," ती म्हणाली.

चिखलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन अजून लख्ख होतं आणि बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्या, कापडवाले, जिनिंगमधले वसंताबरोबर काम केलेले लोक, सगळे ओळखीचे. बोलता बोलता माणसं थांबत होती. मी म्हणालो, मागच्या गल्लीने जाऊ. सुशीलावहिनीने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कुंकू तसंच ठेवून, भर बाजारातून, सावकाश चालत ती घरी गेली.