मिठाची वाटी आणि आमच्या सासूबाई

मंडळी, मी ऑनलाइन 'मॉडर्न विच'चे, म्हणजे आधुनिक चेटकिणीचे, धडे घेतेय. जादूटोणा नाही. सकाळी पाच मिनिटं शांत बसायचं, स्वतःसाठी एक वाक्य कागदावर लिहायचं आणि लिंबू ठेवलेल्या मिठाच्या वाटीखाली ठेवायचं, एवढंच.

आज मी वाटी दाराच्या पायरीवरच विसरले. मीठ, वर लिंबू, खाली घडी घातलेला कागद. सासूबाईंनी पाहिलं आणि "कुणीतरी करणी केलीया" म्हणत गल्ली गोळा केली. शेजारच्या काकूंचं नाव घेणार, तेवढ्यात मला सांगावंच लागलं, "आत्ती, ते माझं हाय."

त्यांनी कागद उघडून मोठ्यानं वाचला. "दमले की बसायचं. कुणाला विचारायचं नाही."

माझी मान खाली.

सासूबाईंनी कागद पुन्हा वाटीखाली ठेवला. "जावा घरला, करणी न्हाय ही," त्यांनी बायकांना सांगितलं. मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "मला बी एक लिवून दे की. गुडघं लई दुखत्यात."

आज भाकरी तव्यावर टाकायच्या आधी आम्ही दोघी अर्धा तास पायरीवर नुसत्या बसलो. त्यांची मी लई आभारी आहे. इतक्या वर्षांत त्यांना 'बसा' म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.

तुमच्या घरात कुणाला 'बसा' म्हणायचं राहिलंय?