वाचलेलं भाषण

आमच्या कचेरीतल्या सावंतबाई वारल्या. शोकसभेच्या दिवशी साहेबांचा संगणक अचानक बंद पडला आणि सेव्ह न केलेलं भाषण गेलं. साहेब घाबरेघुबरे झाले. बाई गेल्या तेव्हाही ते इतके हलले नव्हते. मी संगणक पुन्हा चालू केला, तर त्यानं आपणहून राखलेली प्रत मिळाली. अर्ध्या पानापर्यंत सावंतबाई होत्या, पुढे मात्र पूर्वी वारलेले करमरकरच होते.

“खालचं तेवढं ‘होते’चं ‘होत्या’ करून द्या,” साहेब म्हणाले. “भावना त्याच आहेत.”

यंत्र बिचारं काहीही जपतं. जपण्यासारखं काय, हे त्याला कुठे कळतं? मी काहीही न बदलता खुर्चीवरून उठले. निदान तेवढे कष्ट तरी त्यांनी बाईंसाठी घ्यावेत.

संध्याकाळी भाषण वाचताना साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून लोक गप्प बसले.