दसऱ्याला पुजलेले पाटे

परळमधल्या त्या रविवारच्या पहाटेचा विषय निघाला की आजही माझा जेवणातला हात थांबतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण त्या साध्या अपघाताच्या गुन्ह्याइतका जीव कुठल्याच तपासाने जड केला नाही. नावं सांगणार नाही. त्या माणसांना त्याच गल्ल्यांत राहायचं आहे.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. नाक्यावर हार विकणारी एक म्हातारी, सगळ्यांची मावशी, दादरच्या फूलबाजारातून टोपली घेऊन परत येत होती. एका मोठ्या गाडीने तिला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने तिला पाहिलं, एकट्याने उचललं, टेम्पोत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. मावशी वाटेतच गेली.

टेम्पोवाला वरळीच्या बीडीडी चाळीतला, तिशीतला. त्याच्या टेम्पोत रक्त, शर्टावर रक्त, आणि बंपरला जुना पोचा. हॉस्पिटलबाहेरच्या गर्दीने जागेवरच निकाल लावला. आमच्यासमोर आणला तेव्हा तो एकच वाक्य बोलत होता, "साहेब, मी मारलं असतं तर उचललं असतं का?"

टेम्पो जप्त झाला. चौकशी सुरू असेपर्यंत लायसन्सही आमच्याकडे. त्याच्या घरी म्हातारी आई, आणि चाळीत खाली उतरली की बायका तिच्याकडे बघून गप्प होत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे तर ओलंच तेवढं जळत होतं.

शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि माझी खात्री पटली. मावशीला पहिला मार कमरेच्या वर बसला होता. टेम्पोचा बंपर तिच्या गुडघ्याशी यायचा. पण 'याने मारलं नाही' एवढ्यावर लोकांची तोंडं बंद होत नाहीत. कुणी मारलं ते सांगावं लागतं. सीसीटीव्हीत एक धूसर आकृती होती, मागून उघडी, डोंगरात नेतात तसली पिकअप. नंबर दिसत नव्हता. त्या जातीच्या गाड्या आम्ही हुडकून मोजल्या. सगळ्यांचे बंपर मावशीला बसलेल्या माराच्या उंचीपेक्षा चार-पाच बोटं खाली भरत होते.

अशात ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने खबर जशीच्या तशी लिहून घेतली. लालबागच्या एका चाळीखाली तसली पिकअप उभी असते. गणपतीत तिच्यात चढायला बायकांना स्टूल लागायचं. हल्ली नुसता पाय टाकून चढतात. बोलणाऱ्याने एवढंच सांगून फोन ठेवला.

ही गाडी आम्ही आधी मोजून सोडून दिली होती. पुन्हा गेलो. मालक पंचविशी ओलांडलेला, चांगल्या कंपनीत नोकरीला, रविवारी मित्रांबरोबर घाटात चिखल तुडवायला जाणारा. वागायला सभ्य. त्याला ठाण्यात बोलावून चहा दिला.

"गाडीचं सस्पेन्शन कधी बदललं होतं का?"

"नाही सर. कंपनीने दिली तशीच आहे."

"मग गणपतीत स्टूल कशाला लागायचं?"

"स्टूल? कुणीतरी काहीतरी सांगतं सर. आमच्या चाळीत लोकांना दुसरा उद्योग नाही."

माणूस खोटं बोलतो तेव्हा चाचरतो असं लोक समजतात. तसं काही नसतं. हा मुलगा अगदी सरळ नजरेने बोलत होता. फक्त स्टुलाचं नाव निघाल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला, तो परत उचललाच नाही.

पंच घेऊन त्याला त्याच्या घरी नेलं. चाळीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील बसले होते, मूळचे मालवणकडचे, जन्म गिरणीत गेलेला. झडती सुरू झाली तसे ते उठून उभे राहिले. पलंगाखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. हवालदाराने ओढून काढलं. मागच्या चाकांवर बसतात ते पोलादी पाटे, फार न वापरलेले, नेहमीपेक्षा जास्त बाकाचे, गाडी उंच करणारे. सोबत धक्के झेलणारे शॉकअप. आणि सगळ्यावर वाळलेल्या कुंकवाची बोटं.

"काका, हे काय?"

"गाडयेचे पाटे. माझो झील भंगारात घालूक निघालेलो. मीच नको म्हटलंय. दसऱ्याक पुजलेली वस्तू भंगारात घालनत नाय, साहेबानू. फुडल्या दसऱ्याक समुद्रात सोडूया म्हटलंय."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आत जा."

"कित्याक? खोटा काय सांगलंय मी?"

म्हाताऱ्याने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या गणवेशाकडे, आणि त्याला समजलं. नाक्यावरच्या मावशीचं त्यालाही ठाऊक होतं. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि पुढे पंचनामा होईस्तोवर मान वर केली नाही.

एका पाट्याच्या पट्टीत, ग्रीसमध्ये रुतलेला हिरवा धागा सापडला. प्रयोगशाळेने तो मावशीच्या लुगड्याचाच असल्याचं सांगितलं. मग मुलाने कबुली दिली. उंच केलेल्या गाडीचं बॉनेटही उंच, पुढ्यातलं जवळचं माणूस दिसत नाही. नव्या सस्पेन्शनवर दगडगोटे कळत नाहीत, त्याचं त्याला फार कौतुक होतं. "सर, मला बारीकसा दणका लागला. कुत्रं असेल वाटलं."

मी ते मानलं. मग विचारलं, "संध्याकाळी घरी आलास तेव्हा नाक्यावर काय झालं ते कळलं ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"टेम्पोवाल्याला धरलंय हेही कळलं?"

"कळलं, सर."

तेव्हा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पहाट अंधारी होती, चूक झाली, कबूल. पण हा मुलगा दुसऱ्याच दिवशी कचेरीला दांडी मारून लांबच्या गॅरेजला गेला, मूळचे पाटे आणि टायर चढवले, गाडी खाली बसवली, आणि एका निरपराध माणसाला चिखलात तसाच सोडून रोज शांतपणे कामावर जात राहिला.

टेम्पो परत देताना टेम्पोवाल्याला म्हणालो, "तुझ्यावरचं किटाळ गेलं."

तो म्हणाला, "ते ठीक आहे, साहेब. पण उद्या कुणी रस्त्यात पडलेलं दिसलं तर मी काय करू, ते सांगा."

'उचल' म्हणायचा मला अधिकार होता, कायदाही तेच सांगतो. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे बघून मी टेम्पोची चावी तेवढी त्याच्या हातात ठेवली. तोच म्हणाला, "उचलेनच. आईने तसंच शिकवलंय."

आमच्या साऱ्या तपासात खरा दुवा सापडला तो एका म्हाताऱ्याच्या श्रद्धेपायी. कायद्याचा धाक त्याच्या शिकलेल्या मुलाला धरून ठेवू शकला नाही. कुंकवाच्या दोन बोटांनी त्या लोखंडाला मात्र घरात धरून ठेवलं. माणसाला कुठल्यातरी गोष्टीची मनापासून भीड असावी लागते, एवढं मी या प्रकरणात शिकलो.

पुढच्या दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. तो म्हातारा आला, हातात झेंडूचं एकच फूल. पाटे मुद्देमाल खोलीत सीलबंद होते, खटला सुरू होता.

मी म्हणालो, "काका, मुद्देमालाला हात लावता येत नाही. पाट्यांची पूजा नाही करता येणार."

त्याने मान हलवली. "पाट्यांका नको, साहेबानू. तिच्या लुगड्याचो धागो आसा ना थंय, तेका घाला. मागच्या दसऱ्याक गाडयेचो हार मी तिच्याकडसूनच घेतलेलंय."

फूल मी हातात घेतलं. मुद्देमाल खोलीच्या उंबऱ्यावर ते संध्याकाळपर्यंत होतं. झाडणाऱ्याला मी हात लावू दिला नाही.