स्क्रू नसलेलं यंत्र घेऊन धावड्याला

आक्काचं कानाचं यंत्र बंद पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्या वर्गात एका मुलीला विंचू चावला. आक्का फळ्यावर बेरजा लिहीत होती. पोर किंचाळली, सगळा वर्ग ओरडला, शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले, आणि आक्का बेरजा लिहीतच राहिली. मुलगी वाचली. पण त्यानंतर दोन महिने आक्का फळ्याकडे तोंड करून उभी राहिली नाही. पाठीमागं हात नेऊन, अंदाजानं वाकडंतिकडं लिहायची. मुंबईला दुरुस्तीसाठी पाठवलेलं यंत्र 'दुरुस्त होण्याजोगे नाही' अशा चिठ्ठीसह टपालानं परत आलं, त्या दिवशी ती मला म्हणाली, "धावड्याला जाऊ. तिथंबी झालं न्हाई तर मी वर्ग सोडते."

ही गोष्ट दुष्काळानंतरच्या दोनेक वर्षांतली. जालना जिल्हा तेव्हा झालाच नव्हता, आमचं सगळं औरंगाबादेत मोडायचं. भोकरदनच्या पुढं डोंगराकडं जायचं असेल तर काय पाहावं, कसं जावं, असं वाचक अधूनमधून विचारतात. मी तिकडं एकदाच गेले आहे, आणि पाहायला म्हणून गेले नव्हते. जे आठवतं ते सांगते.

आधी यंत्राबद्दल. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्या वर्षी ती चौथीत होती, आणि पुढं आमच्या वस्तीतली पहिली मास्तरीण झाली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी छाती बरी झाली, पण कान गेले. तेव्हा जालन्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या यादवरावांनी तिला पहिलं यंत्र मिळवून दिलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठी पत्र्याची पेटी, तिच्यातून निघणारी दोरीसारखी वायर, आणि वायरच्या टोकाला कानात घालायचं बटण. पेटी झंपरच्या आतल्या खिशात ठेवायची. पदर घासला की खरखर व्हायची, पण माणसांचं बोलणं कळायचं.

त्या पेटीला चार स्क्रू होते. यादवराव पूर्वी फौजेत वायरलेसवर होते. त्यांनी पेटी उघडून आक्काला सगळं आतून दाखवलं होतं. वायर तुटली तर वायर बदला, बटण गेलं तर बटण बदला, सेलच्या पट्टीला गंज चढला तर खोडरबरानं घासा. आक्काच्या कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. सहा वर्षांत तिनं तीन वायरी स्वतः बदलल्या. मला वाटतं, त्या आजारानंतर तिच्या शरीरातली तेवढी एकच गोष्ट होती जी बिघडली तर तिला स्वतःला नीट करता येत होती.

मग औरंगाबादला एका शिबिरात विक्रेत्यानं तिला कानामागं बसणारं नवं यंत्र दाखवलं. वायर नाही, पेटी नाही, केसांत लपणारं. गावात लोक "बाईंच्या गळ्यात रेडिओ" म्हणायचे, ते तिला फार लागायचं. साठवलेलं सगळं देऊन आणि जुनी पेटी बदल्यात देऊन तिनं ते घेतलं. दीड वर्ष चाललं. एका सकाळी बंद पडलं.

आम्ही घनसावंगीहून पहिल्या एसटीनं निघालो. अंबडपर्यंत उभ्यानं, तिथं निम्मी गाडी उतरली तेव्हा बसायला मिळालं. ज्वारीची काढणी चालली होती. जालन्याला गाडी बदलायची. स्टँडसमोर पंचवीस पैशांत चहा मिळायचा, तो घेतला. राजूरपर्यंत रस्ता बरा होता, पुढं दुष्काळी कामावर लोकांनी खडी फोडून केलेला. डांबर पडायचं राहूनच गेलेलं. गाडी अशी हादरायची की बोलता यायचं नाही. आक्काला त्याचं काही नव्हतं. मी तिच्याशी पाटीवर लिहूनच बोलत होते.

कंडक्टरनं तिला दोनदा विचारलं, "बाई, कुठं?" ती खिडकीबाहेर बघत होती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बहिरी हाये का काय?"

"हो," मी म्हणाले. "दोन भोकरदन द्या."

तो ओशाळला. सुटे पैसे देताना हळूच म्हणाला, "माफ करा ताई. सकाळधरनं वरडून राह्यलो, डोकं जाग्यावर न्हाई." मी पाटीवर काहीच लिहिलं नाही. पण आक्कानं त्याचं तोंड बघितलं होतं. तेवढं तिला वाचता यायचं.

भोकरदनला स्टँडवर भजी चांगली होती. दुपारी धावड्याकडं एकच गाडी, तीही भरल्याशिवाय सुटत नसे. उत्तरेकडं डोंगर जवळ यायला लागले तसा वारा गार झाला. आक्का एकदम मोठ्यानं म्हणाली, "किती छान हाय गं इकडं." स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसल्यानं सगळी गाडी वळून बघायला लागली. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती समजली आणि पुढं धावड्यापर्यंत बोलली नाही.

यादवरावांनी जालन्याचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. भाऊ वारल्यावर धावड्याला घरची मेंढरं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ते गावी परत आले होते. वाड्याच्या बाजूला पत्र्याच्या पडवीत त्यांचं टेबल होतं, त्यावर लोकांचे रेडिओ आणि एक उघडलेलं भिंतीवरचं घड्याळ. आक्काला त्यांनी लगेच ओळखलं. "बाई, पेटी कशी हाये?" त्यांनी विचारलं. मी पाटीवर लिहिलं. आक्कानं पिशवीतून नवं यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, "पेटी देऊन टाकली."

त्यांनी यंत्र भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. मग मला म्हणाले, "स्क्रू कुठं हाये याला?"

स्क्रू नव्हताच. सेलचं छोटं झाकण तेवढं उघडत होतं. त्यांनी सेल बदलून पाहिला, पट्ट्या घासल्या, बारीक तारा लावून मीटरचा काटा पाहिला. मग पातळ पातं शिवणीत घालून कवच अलगद उचललं. आत काळा, कडक, गुळगुळीत गोळा होता.

"लाखेसारखं काहीतरी ओतलंय," ते म्हणाले. "सगळं त्याच्यात बुडवलंय. माइक आत, तारा आत. एक तार सुटली असंल तरी बराबर कुठली ते दिसत न्हाई. दिसली तरी हात कुठून घालू?"

मी पाटीवर लिहून आक्काला दाखवलं. तिनं वाचलं आणि विचारलं, "गोळा फोडता येतो?"

यादवराव तिच्या समोर बसले. ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलले. "बाई, तापवून खरवडत जाता येतं. तार सापडंलबी. पन हे उघडलं की परत पहिल्यासारखं होईल, याचा मला भरोसा न्हाई. बिलकुल न्हाई. आत्ता बंद हाये. मंग मेलेलंच राहील."

"आत्ता तरी काय जितं हाय?" आक्का म्हणाली. "फोडा."

त्यांनी लगेच हात लावला नाही. म्हणाले, रात्रभर विचार करा, सकाळी उजेड बरा असतो. त्यांच्या बायकोनं आम्हाला ज्वारीची भाकर, मेंढीच्या दुधाचा चहा आणि लसणाची चटणी दिली. तशी चटणी मी नंतर कुठं खाल्ली नाही. अंथरुणं पडवीतच घातली.

सकाळी ऊन टेबलावर आल्यावर त्यांनी काम सुरू केलं. कावीयाचं, म्हणजे तारा झाळायच्या सळईचं, टोक तापवायचं, गोळ्याला टेकवायचं, मऊ झालेला थर सुईनं काढायचा. जळक्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. आक्का समोर बसून होती, एकदाही उठली नाही. दोनेक तासांनी ते थांबले आणि भिंग तिच्या हातात दिलं. "बघा."

मीही वाकून पाहिलं. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, आणि तिचं सुटलेलं टोक.

"हीच गेल्ती," ते म्हणाले. "बास, एवढंच. पेटी असती तर तुम्हीच चहा होईस्तोवर लावली असती."

आक्काच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आशा म्हणेन. यादवरावांनी कावीया पुसला, श्वास धरला, टोक जवळ नेलं. त्या उष्णतेनं शेजारचा थर वितळून सरकला आणि त्याच्याबरोबर चार तारा उपटून आल्या. मी पाहिलं. आवाजसुद्धा झाला नाही.

त्यांनी कावीया खाली ठेवला. दोन्ही तळहात टेबलावर पालथे टाकून ते बसले. "मी तीस वर्षं हे करून राह्यलो," ते मला म्हणाले, आक्काला नाही. "फौजेत तोफा वाजत होत्या, तरी सेट खोलून लावलेत. आज पहिल्यांदा असं वाटलं की ज्यानं हे बनवलं त्याला मी यात हात घालावा असं वाटतच नव्हतं."

मी हे पाटीवर लिहिलं नाही. आक्का म्हणाली, "तुमचा दोष न्हाई, भाऊ." पैसे विचारले तर त्यांनी हात जोडले.

निघताना त्यांनी एक पुडी दिली. जुन्या पेटीची वायर आणि कानातलं बटण, नवं कोरं. "पेटी तेवढी माझ्याकडं न्हाई. पन हसनाबादला एक म्हातारबाबा होते, त्यांना मीच दिल्ती, अगदी तुमच्यासारखी. ते वारले असं ऐकलंय. घरात पडून असंल तर मागून बघा. माझं नाव सांगा."

हसनाबाद भोकरदनहून जालन्याला परत येताना वाटेत करता येतं, म्हणून त्याच दुपारी उतरलो. गाव मोठं, वस्ती दाट. घर शोधायला वेळ लागला नाही. मी वाटेत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, मेलेल्या माणसाची वस्तू कशी मागायची. आक्का भराभर चालत होती. पुडी तिनं मुठीत धरली होती.

ओसरीवर खाटेवर म्हातारबाबा बसले होते. जिवंत. त्यांच्या बंडीच्या खिशात पेटी होती, वायर कानात गेलेली, आणि त्यांची सून जोत्यावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. कापसाचे भाव होते. मधेच ते म्हणाले, "थांब, मागचं पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं.

"कोन पाहिजे?" सुनेनं विचारलं. मी यादवरावांचं नाव सांगितलं, आक्काकडं बोट केलं, यंत्र मोडल्याचं सांगितलं. कशाला आलो ते सांगायचं राहिलं. पण म्हातारबाबांना कळलं असावं. त्यांनी आक्काच्या मुठीकडं पाहिलं, मग खिशातली पेटी तळव्यानं झाकली. लहान मूल झाकतं तशी. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून हात काढला.

आक्कानं पुडी त्यांच्या खाटेवर ठेवली. "यादवभाऊंनी तुमच्यासाठी दिलीय," ती म्हणाली. "वायर तुटली तर राहू द्या." तिनं हे खोटं इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं.

सून चहा ठेवायला आत गेली. म्हातारबाबांनी कानातलं बटण काढलं, खिशातून पेटी काढली आणि दोन्ही आक्कापुढं धरली. "घाल. बघ जरा."

तिनं बटण कानाला धरलं, पेटीची चकती बोटानं फिरवली. आवाज किती ठेवायचा ते तिच्या बोटाला अजून माहीत होतं. ती नुसती बसली. आत कप वाजले तशी तिची मान वळली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हणाले, "आक्का, ऐकू येतंय का? चारची गाडी चुकंल."

"येतंय," ती म्हणाली. किती महिन्यांनी ती माणसासारखं हळू बोलली. आणखी थोडं बसून तिनं पेटी बाबांच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवली, बटण त्यांच्या कानात नीट बसवलं. चहा पिऊन आम्ही निघालो. चारची गाडी उभीच होती, पुढं पाऊण तास सुटली नाही.

घरी आल्यावर आक्कानं वर्ग सोडायचा अर्ज दिला. तिला कचेरीत रजिस्टरं उतरवायचं काम मिळालं. अक्षर चांगलं होतं तिचं, निवृत्तीपर्यंत तेच केलं. दुसरं यंत्र घ्यायला आम्हाला सात वर्षं लागली. मी स्वतः औरंगाबादहून आणलं, चार स्क्रूंची पेटी बघून आणली. डॉक्टर म्हणाले होते की इतकी वर्षं कान रिकामा राहिला, आता फार आशा धरू नका. आक्कानं ते घातलं. मी बोलत राहिले, नाव घेतलं, आईचं नाव घेतलं, पाढे म्हटले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आवाज येतोय गं. शब्द येत न्हाईत." आणि काढून ठेवलं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रस्ते आता चांगले आहेत, म्हणतात. डोंगराकडचा वारा तसाच असेल. मला मात्र त्या प्रवासातलं दुसरं काही सांगता येत नाही. आक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला सांगायच्या इतक्या गोष्टी होत्या. तिनं माझ्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य गाडीच्या वेळेचं होतं.