काचेच्या कपाटातला कुरव

पीएच.डी. करायला घेतली की किस्से आपोआप साठतात. प्रबंध तेवढा साठत नाही!

मी सोलापूरच्या एका कॉलेजात समुद्रपक्ष्यांचा आहार शोधते. पक्षी जे खातो त्याची खूण त्याच्या पिसात राहते. आयसोटोप मोजले की मासे खाल्ले की उकिरडा, ते कळतं. हे आईला फोनवर समजावलं. कुर्डुवाडीहून ती म्हणाली, "सोलापुरात समुद्र कुटं हाय गं?" कुरव, म्हणजे सीगल, हिवाळ्यात उजनी धरणावर येतात, हे सांगेपर्यंत फोन बाबांकडे गेला होता.

करमाळ्याच्या बाजूला पाण्याकाठी पिसं वेचत होते. एका कोळीकाकांनी चौकशी केली, मी सांगितलं. "त्याला पिसं कशाला? मला इचारा की! आमच्या जाळ्यातलं मासं खातंय!" माझा विषय त्यांनी एका दमात संपवला.

पिसांची पूड तोलताना पंखा बंद ठेवावा लागतो. त्यात सोलापूरचा एप्रिल! दोन हिवाळ्यांची पूड मांडून मी घामाघूम बसले होते. प्राचार्य डोकावले. "अहो, उकडून मराल!" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा पाचवर केला. मी ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, भरून आलंय.

उरलीसुरली पिसं पुन्हा दळली. पण पूर्वी ते काय खायचे, या तुलनेला जुना पक्षी हवा. आमच्या विभागात काचेच्या कपाटात भुसा भरलेला एकच कुरव आहे, फार जुना. अख्खा प्रबंध त्याच्यावर टेकलेला. माझी शेवटची मुदतवाढ, आणि माझे गाइड सर मे महिन्यात रिटायर होणार! पोटाखालची चार पांढरी पिसं काढून बाहेरगावच्या लॅबला पाठवली.

रिपोर्ट आला. पक्षी धान्यावर वाढलेला, माशाचा मागमूस नाही.

सरांनी तो तीनदा वाचला. तेवढ्यात शिपाई शरणप्पामामा चहा घेऊन आले. कपाट पुसायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच.

"मामा, या पक्ष्याला कुणी हात लावला होता?" सरांनी विचारलं.

"मीच की! पिसं लई झडत्यात त्याची. कमिटी यायची म्हटलं की घरच्या पांढऱ्या कोंबडीची आणून चिकटवतो. आजवर कुणाला कळलं न्हाय सर!"

सर खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, "कोंबडीला खायला काय घालता?"

"ज्वारी की सर. मासं कोन घालतंय?"